शब्द ओळखीचा, अर्थ कागदावरचा

शंका-समाधान : रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतून आलेली निवडक पत्रे या वेळी घेतली आहेत. ती वाचताना एक गोष्ट ठळक दिसते. अवघड इंग्रजी शब्दाबद्दल फारसे कोणी विचारत नाही. असा शब्द समोर आला की माणूस मुळातच सावध होतो, चार जणांना विचारतो, मग पुढे जातो. घोळ होतो तो रोज तोंडात असलेल्या शब्दांचा. गॅरंटी, पॉझिटिव्ह, हॉटेल, क्रिमीलेयर हे शब्द आपण इतके वापरतो की त्यांचा अर्थ विचारायचे सुचतच नाही. बोलण्यातला अर्थ एक, छापील कागदावरचा दुसरा, आणि सही होते ती कागदावर. म्हणून खालच्या उत्तरांत दोन्ही अर्थ शेजारी शेजारी ठेवले आहेत.

बँकेतून इंग्रजीत पत्र आलं आहे. त्यात ‘टोटल आउटस्टँडिंग’ असं लिहून पुढे मोठी रक्कम टाकली आहे. मुलगी म्हणते, आउटस्टँडिंग म्हणजे उत्कृष्ट, तिच्या प्रगतिपुस्तकात असा शेरा असतो. शेजारचे आप्पा म्हणतात, खातं थकलं, आता जप्ती येईल. खरं काय समजायचं?
— शेतकरी, चोपडा तालुका

मुलगी शाळेपुरती बरोबर आहे. आप्पांचा अंदाज मात्र निव्वळ या एका शब्दावरून खरा ठरत नाही.

‘आउटस्टँडिंग’चे दोन अर्थ आहेत. चार जणांत उठून दिसणारा तो एक, म्हणून शाळेत उत्कृष्टला हा शब्द. अजून न मिटलेले, शिल्लक उभे असलेले हा दुसरा. बँकेच्या पत्रात हा दुसरा अर्थ घ्यायचा. आजच्या तारखेला मुद्दल आणि व्याज धरून तुमच्याकडून जे काही येणे आहे, ते सगळे आउटस्टँडिंग. एकही हप्ता न चुकवणाऱ्याच्या खात्यावरही ही रक्कम असतेच. कर्ज पूर्ण फिटेपर्यंत ती शून्य होत नाही.

पत्रात शोधायचे ते आणखी दोन शब्द : ‘ड्यू’ आणि ‘ओव्हरड्यू’. ड्यू म्हणजे देण्याची तारीख आलेली रक्कम. ओव्हरड्यू म्हणजे तारीख उलटून गेलेली, आपल्या भाषेत थकबाकी. समजा, ट्रॅक्टरचे 4 लाख रुपये फेडायचे राहिले आहेत आणि 40 हजारांचा हप्ता 31 मार्चला आहे. 10 मार्चला पत्र आले तर आउटस्टँडिंग 4 लाख, ओव्हरड्यू काही नाही. हप्ता भरला नाही आणि 10 एप्रिलला पत्र आले, तर ओव्हरड्यूच्या रकान्यात 40 हजार दिसतील. काळजी करायची ती या रकान्याची.

खाते ‘एनपीए’ होणे ही त्याच्याही पुढची पायरी. साधारण हप्त्याच्या कर्जात थकबाकी 90 दिवसांपेक्षा जास्त राहिली की बँक ते खाते अनुत्पादक धरते. पीककर्जाला हिशेब हंगामाचा असतो. कमी मुदतीच्या पिकासाठी दोन हंगाम, दीर्घ मुदतीच्या पिकासाठी एक हंगाम थकबाकी राहिली तर खाते त्या वर्गात जाते. तेव्हा पत्र घेऊन शाखेत जा आणि एकच प्रश्न विचारा : “साहेब, ओव्हरड्यू किती आणि कधीपासून?” या प्रश्नाच्या उत्तरात तुमच्या खात्याची खरी स्थिती कळेल.

जाता जाता ‘बॅलन्स’ही लक्षात ठेवा. बचत खात्याच्या पुस्तकातला बॅलन्स तुमचा, कर्जखात्याच्या उताऱ्यावरचा बॅलन्स बँकेचा.

मित्राच्या कर्जाच्या कागदांवर मी ‘गॅरंटर’ म्हणून सही केली. तेव्हा सांगितलं की नुसती फॉर्म्यालिटी आहे. मी साक्षीदारासारखं समजलो. आता मित्राचे हप्ते थकले आणि नोटीस मला आली. हे कसं? आणि दुकानातली गॅरंटी-वॉरंटी म्हणजे तरी नक्की काय?
— किराणा दुकानदार, दोंडाईचा

साक्षीदाराला इंग्रजीत ‘विटनेस’ म्हणतात. समोर सही झाली हे मी पाहिले, एवढेच तो सांगतो. पैशाचा भार त्याच्यावर येत नाही. गॅरंटर म्हणजे जामीनदार. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 126 मध्ये गॅरंटीची व्याख्याच अशी आहे की दुसऱ्याने पैसे दिले नाहीत तर ते देण्याचे वचन मी देतो. कलम 128 प्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. अर्धी नाही, दुय्यम नाही, तेवढीच. म्हणून बँक आधी मित्राच्या दाराशी जाऊन मगच तुमच्याकडे येईल असे धरून चालता येत नाही. तुम्ही दिलेल्या जामिनाची नोंद तुमच्या स्वतःच्या पतअहवालातही दिसते, आणि उद्या तुम्ही कर्ज मागायला गेलात की ती समोर येते.

तुमच्या हातात काय उरते? मित्राच्या वतीने तुम्ही पैसे भरलेत तर ते त्याच्याकडून वसूल करण्याचा हक्क हाच कायदा तुम्हाला देतो. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती तुमच्या नावाने घ्या आणि जामीनपत्राची प्रत मागून ठेवा. नोटिशीवर ‘मुदत’ म्हणून लिहिलेली तारीख उलटण्याआधी एखाद्या वकिलाला कागद दाखवा. यापुढे कोणी कागद पुढे केला तर सहीच्या जागेखाली छापलेला शब्द आधी वाचा : बॉरोअर म्हणजे कर्जदार, को-बॉरोअर म्हणजे सहकर्जदार, गॅरंटर म्हणजे जामीनदार, विटनेस म्हणजे साक्षीदार. चारही जागा एकाच पानावर असू शकतात. नात्यागोत्यात सही नाकारणे जड जाते हे खरे, पण शब्द वाचून मग हो म्हणणे वेगळे आणि न वाचता हो म्हणणे वेगळे.

दुकानातली बाब सोपी आहे. बोलण्यात ‘गॅरंटी’ म्हणजे वस्तू बिघडली तर बदलून, ‘वॉरंटी’ म्हणजे दुरुस्त करून, असे आपण धरतो. तोंडी व्यवहारात हे चालून जाते, पण खरा अर्थ कार्डावर छापलेला असतो. पाण्याची मोटर घेतलीत तर कार्डावर तीन गोष्टी पाहा : मुदत कोणत्या तारखेपासून, मोटर जळण्याचे कोणते कारण वगळले आहे, आणि सुटे भाग फुकट की फक्त मजुरी फुकट. विजेचा दाब कमीजास्त होऊन मोटर जळाली तर ते कारण वगळलेले असू शकते, आणि आपल्याकडे मोटरी बऱ्याचदा त्याच कारणाने जळतात. कार्डावर दुकानाचा शिक्का, तारीख आणि पक्के बिल असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते.

आमच्या मळ्यात पत्र्याचं शेड आहे, शेजारी शेडनेट आहे, आणि रात्री लोडशेडिंग असतं. तिन्ही शेड एकच का?
— इयत्ता दहावीची विद्यार्थिनी, रावेर तालुका

फार चांगला प्रश्न. मराठीत तिन्ही ‘शेड’ असे लिहिले जातात म्हणून गोंधळ होतो. इंग्रजीत हे तीन वेगळे शब्द आहेत.

पत्र्याचे शेड म्हणजे आडोसा, छप्पर. भुसावळचे इंजिनांचे लोको शेड हेच. शेडनेटमधला शब्द म्हणजे सावली. त्याचा इंग्रजी उच्चार थोडा लांबवून ‘शेऽड’ असा होतो. केळीची ऊतिसंवर्धित रोपे शेतात लावण्याआधी ज्या हिरव्या जाळीखाली ठेवतात, ती ऊन कमी करते म्हणून शेडनेट. हे दोन शब्द मुळात नात्यातले असावेत असे बरेच कोशकार मानतात, कारण आडोसा आणि सावली यांचा संबंध उघडच आहे.

लोडशेडिंगमधले शेड मात्र क्रियापद आहे. त्याचा अर्थ गाळणे, टाकून देणे. झाड पाने गाळते, साप कात टाकतो, तिथे इंग्रजीत हेच क्रियापद येते. ‘लोड’ म्हणजे वीजवाहिनीवरचा भार. मागणी जास्त आणि वीज कमी अशी वेळ आली की काही भागांचा भार जाणूनबुजून उतरवला जातो. त्यासाठी मराठीतला ‘भारनियमन’ हा शब्द सरकारी आहे, पण चांगला आहे. तार तुटून किंवा रोहित्र जळून वीज गेली तर ते लोडशेडिंग नव्हे. तक्रार लिहिताना हा फरक कामाला येतो. ठरवून केलेल्या भारनियमनाचे वेळापत्रक असते, बिघाडाची दुरुस्ती करावी लागते. तक्रारीत ‘लाइट गेली’ एवढेच न लिहिता ‘वीजपुरवठा खंडित, रोहित्रात बिघाड’ असे लिहावे.

पाणलोटाला इंग्रजीत ‘वॉटरशेड’ म्हणतात, त्यात पाण्याचे छप्पर नाही की सावलीही नाही. तिथे शेडचा जुना अर्थ आहे, वेगळे करणे. डोंगराची धार पावसाचे पाणी दोन उतारांवर वाटून देते, ती धार म्हणजे मूळ वॉटरशेड. पुढे त्या उताराच्या सगळ्या क्षेत्रालाच हे नाव पडले.

मुलाच्या प्रवेशासाठी ‘क्रिमीलेयर’ काढायला सांगितलं. एका बाईंनी विचारलं, “तुम्ही क्रिमीलेयरमध्ये आहात का?” मी हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या, तुम्हाला सवलत नाही. माझं काय चुकलं?
— पालक, शिरपूर

ताई, तुम्ही गावात सगळे बोलतात तसेच बोललात. ‘क्रिमीलेयर काढलं का?’ असे सगळेच विचारतात. पण कागदाचे पूर्ण नाव ‘नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र’ आहे, आणि पुढचा ‘नॉन’ गाळला की अर्थ नेमका उलटा होतो.

क्रीम म्हणजे साय, लेयर म्हणजे थर. मागास प्रवर्गातली जी कुटुंबे आर्थिक आणि सामाजिकदृष्ट्या वर आली आहेत, ती सायीच्या थरातली. अशांना आरक्षणातून वगळावे असे सर्वोच्च न्यायालयाने 1992 च्या इंद्रा साहनी निकालात सांगितले. आपण त्या थरात नाही, म्हणून सवलतीला पात्र आहोत, हे सांगणारा कागद म्हणजे नॉन-क्रिमीलेयर. सरकारी मराठीत त्याला ‘उन्नत आणि प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र’ म्हणतात. नाव लांबलचक असले तरी त्यातल्या ‘नसल्याचे’ या शब्दातच सगळे आले.

म्हणजे ‘तुम्ही क्रिमीलेयरमध्ये आहात का?’ याचे तुमचे उत्तर ‘नाही’ असायला हवे होते. ऑनलाइन अर्जातही हाच प्रश्न हो किंवा नाही अशा दोन चौकटींत येतो. तिथे घाईने टिचकी मारू नका. चुकीची टिचकी पुढे निस्तरताना धावपळ होते. 2017 मध्ये केंद्राने यासाठी वार्षिक 8 लाख रुपयांची मर्यादा ठरवली. मर्यादा आणि उत्पन्न मोजण्याची रीत बदलू शकते, म्हणून अर्जाआधी सेतू केंद्रात किंवा तहसील कार्यालयात चालू नियम विचारा. प्रमाणपत्रावरची मुदतही पाहा, ती संपली असेल तर प्रवेशाच्या टेबलावर कागद असूनही नसल्यासारखा होतो.

मला एका विषयात ‘केटी लागली’. घरच्यांना वाटतं मी नापास झालो, वर्ष वाया गेलं. एटीकेटीचा फुल फॉर्म काय?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, जळगाव

‘अलाउड टू कीप टर्म्स’. ‘टर्म’ म्हणजे सत्र, ‘कीप टर्म्स’ म्हणजे सत्रे भरणे, आणि ‘अलाउड’ म्हणजे मुभा असलेला. काही विषय राहिले असतानाही पुढच्या वर्गात बसण्याची मुभा, असा त्याचा सरळ अर्थ. एखादा आजार लागावा तसे ‘केटी लागली’ आपण म्हणतो. कागद मात्र म्हणतो, मुभा मिळाली. घरच्यांना हा अर्थ वाचून दाखवा. त्याबरोबर हेही सांगा की राहिलेल्या विषयाची परीक्षा तुम्हाला द्यायचीच आहे. किती विषयांपर्यंत ही मुभा मिळते ते विद्यापीठाच्या आणि अभ्यासक्रमाच्या नियमांवर ठरते. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे तुमच्या अभ्यासक्रमाचे नियम महाविद्यालयाच्या कार्यालयात पाहायला मिळतील. मोठ्या वर्गातल्या मुलांच्या ऐकीव माहितीवर राहू नका.

सिकल सेलच्या तपासणीत एका मुलीचा रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला. घरचे खूश झाले, म्हणाले सगळं चांगलं आलं. दुसऱ्या घरी ‘कॅरिअर’ शब्द ऐकून रडारड झाली. आम्ही कसं समजावून सांगावं?
— आशा कार्यकर्ती, साक्री तालुका

ताई, तुमच्या पत्राला सर्वांत जास्त जागा द्यावीशी वाटते, कारण इथे शब्दाच्या अर्थावर माणसाचे आयुष्य बेतलेले आहे.

‘पॉझिटिव्ह राहा’ असे आपण म्हणतो तेव्हा अर्थ असतो मन खंबीर ठेवा. प्रयोगशाळेत पॉझिटिव्हचा चांगल्या-वाईटाशी संबंध नाही. जे शोधत होतो ते सापडले, एवढाच अर्थ. क्षयाच्या तपासणीत पॉझिटिव्ह म्हणजे क्षयाचे जंतू सापडले. गरोदरपणाच्या तपासणीत पॉझिटिव्ह म्हणजे दिवस राहिले. रक्तगटातला पॉझिटिव्ह म्हणजे तांबड्या पेशींवर आरएच नावाचा घटक आहे, त्यात आजार काहीच नाही. म्हणून घरच्यांना वाक्य असे सांगावे : “ज्याची तपासणी केली ते रक्तात आहे.” पॉझिटिव्ह हा शब्द उच्चारायचीही गरज नाही.

सिकल सेलमध्ये आणखी एक पायरी असते. पहिल्या, विरघळण्याच्या चाचणीत पॉझिटिव्ह आले तर पुढे इलेक्ट्रोफोरेसिससारखी चाचणी करावी लागते. त्यात कळते की व्यक्ती ‘एएस’ आहे की ‘एसएस’. एएस म्हणजे कॅरिअर, वाहक. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून सिकलचा गुण आलेला असतो, पण व्यक्ती सहसा निरोगी आयुष्य जगते. एसएस म्हणजे दोघांकडूनही तो आलेला. ही व्यक्ती रुग्ण, तिला नियमित उपचार लागतात. पॉझिटिव्ह शब्द दोघांच्याही कागदावर असू शकतो, म्हणून दुसरी चाचणी होईपर्यंत घरच्यांनी ना आनंद करायचा, ना धास्ती घ्यायची.

‘कॅरिअर’ ऐकून रडू येण्याचे कारण समजते, मुलीला काहीतरी चिकटले असे वाटते. त्यांना सायकलचे कॅरिअर दाखवा. ओझे वाहून नेणारे ते कॅरिअर. मुलगी तो गुण वाहून नेते, आजारी नाही. शाळेत ऐकू येणारे ‘करिअर’ हा वेगळा शब्द, त्याचा अर्थ नोकरी-व्यवसायाची वाटचाल. लग्नाच्या वेळी मात्र ही माहिती दडवू नये. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारात एक. हे चार दाणे मांडून दाखवले की शिकलेल्या-न शिकलेल्या सगळ्यांना कळते. सिकल सेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 पासून सुरू आहे, तपासणी त्यातलीच असेल तर पुढची चाचणी कुठे होते ते आरोग्य केंद्रातून लिहून घ्या.

दवाखान्यातले आणखी दोन शब्द. ‘मला बीपी आहे’, ‘त्याला शुगर आहे’ असे आपण म्हणतो. बीपी म्हणजे रक्तदाब, शुगर म्हणजे रक्तातली साखर. जिवंत माणसात ही दोन्ही असतातच. नवीन डॉक्टरांना ‘हाय बीपी’ की ‘लो बीपी’ हे स्पष्ट सांगा आणि चालू गोळीची पट्टी दाखवा. ‘सलाइन लावा, अंगात ताकद येईल’ असा आग्रहही सोडवायला हवा. बाटलीवर ‘सोडियम क्लोराइड 0.9 टक्के’ असे छापलेले असते. सोडियम क्लोराइड म्हणजे मीठ. एक लिटर निर्जंतुक पाण्यात 9 ग्रॅम मीठ, हे नॉर्मल सलाइन. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालेल्या माणसाला ते जीवदान देते, पण ते टॉनिक नव्हे.

मी धुळ्याचा. पुण्यात मुलाखतीत सांगितलं की वडिलांचं हॉटेल आहे, मी ट्रॅव्हल्सने आलो आणि 2022 मध्ये पास आउट झालो. समोरचे गोंधळले. माझं इंग्रजी चुकलं का?
— नोकरी शोधणारा तरुण, धुळे

व्याकरण चुकले नाही. तुम्ही मराठीतले इंग्रजी शब्द इंग्रजीत जसेच्या तसे नेलेत. आपल्याकडे चहा-भज्यांच्या दुकानाला हॉटेल म्हणतात, इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. तुमच्या वडिलांचे ‘टी स्टॉल’ किंवा ‘रेस्टॉरंट’ आहे असे सांगा. ‘ट्रॅव्हल्स’ म्हणजे आपल्याला खासगी बस. इंग्रजीत तो वाहनाचा शब्द नाही, तिथे ‘प्रायव्हेट बस’ म्हणा. ‘पास आउट’चा बाहेरच्या इंग्रजीत पहिला अर्थ शुद्ध हरपणे असा घेतला जातो. पदवीसाठी ‘ग्रॅज्युएटेड इन 2022’ म्हणावे. अर्जासोबत ‘झेरॉक्स’ जोडली असे न लिहिता ‘फोटोकॉपी’ लिहावे. झेरॉक्स हे एका कंपनीचे नाव. ते कोरड्या या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडवले, कारण या छपाईत ओली शाई नसते.

धुळ्यात, घरी, मित्रांत हॉटेल हॉटेलच राहू द्या. समोरचा इंग्रजीत बोलतोय हे कळले की तेवढ्यापुरता शब्द बदलायचा. ही सवय आठ-दहा शब्दांपुरती करायची आहे.

माझ्या वर्गातली मुलं ‘इस्कूल’, ‘टेसन’, ‘इस्टँड’ म्हणतात. अहिराणीत ‘बसमा’, ‘डॉक्टरले’ म्हणतात. वरिष्ठ म्हणतात, हे अशुद्ध आहे, बंद करा. काय करावं?
— शिक्षक, साक्री तालुका

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्या ठेवा.

इंग्रजीच्या तासाला इंग्रजी उच्चार शिकवायलाच हवेत. ‘स’ला लागून दुसरे व्यंजन शब्दाच्या सुरुवातीला आले की जिभेला ते जड जाते, म्हणून ती पुढे ‘इ’ लावते किंवा ‘स’ गाळून टाकते. ‘इस्कूल’ आणि ‘टेसन’ या त्याच अडचणीतून काढलेल्या दोन वाटा आहेत. उपाय सोपा आहे. मुलांना आधी नुसता ‘स्स्स्’ असा लांब आवाज काढायला लावा आणि त्याला न थांबता ‘कूल’ जोडा. ‘स्स्स्कूल’. रोज थोडा वेळ घ्या. हसू नका, वर्गालाही हसू देऊ नका. ज्याला हसले गेले ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही.

‘बसमा’ आणि ‘डॉक्टरले’ यांत मात्र दुरुस्त करण्यासारखे काही नाही. ती अहिराणीतली रीतसर रूपे आहेत, जशी मराठीत ‘बसमध्ये’ आणि ‘डॉक्टरला’. बाहेरच्या शब्दाला आपले प्रत्यय लागले की तो भाषेत मुरला असे समजावे. मराठीने तर इंग्रजी शब्दांना लिंगही दिले. ती बस, तो ट्रॅक्टर, ते तिकीट. इंग्रजीत या शब्दांना लिंग नाही. आपल्या आजी-आजोबांनी, शाळेत न जाता, ते ठरवले आणि सगळ्या महाराष्ट्राने मानले.

भाषांचे असेच चालत आले आहे. अर्ज, तारीख, जामीन हे शब्द फारसी-अरबीतून आले. पाव, बटाटा, चावी पोर्तुगीजांकडून. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जुन्या मराठी पत्रांत फारसी शब्दांचे प्रमाण किती हे मोजून दाखवले होते. 1926 मध्ये धुळ्यातच त्यांचे निधन झाले, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. शक्य झाले तर मुलांना तिथे एकदा घेऊन जा. इंग्रजीनेही आपल्याकडून घेतले आहे. तिथला ‘माँगूस’ म्हणजे आपला मुंगूस, आणि इंग्रजी कोश त्याचे मूळ मराठीत दाखवतात. हिंदुस्थानी बोलीतून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा जाडजूड कोश 1886 मध्येच छापला गेला. मुंगसाचा उच्चार बदलल्याबद्दल इंग्रज शिक्षकाने कधी मुलाला छडी मारली नसेल, तर टेसनसाठी आपणही मारू नये.

वरिष्ठांना सांगा : इंग्रजीच्या तासाला ‘स्टेशन’, मराठीच्या तासाला ‘स्टेशन’ किंवा ‘स्थानक’, आणि अंगणात मुलाच्या आईची जी भाषा असेल ती. मूल तिन्ही सांभाळते. त्याला एकच टिकवायला सांगितले तर ते आईची भाषा सोडते, आणि ते नुकसान कोणत्याही परीक्षेत भरून निघत नाही.

थोडक्यात

*जिनिंगमधले ‘जिन’ म्हणजे काय? (धरणगाव)* — ‘एंजिन’चे तोडलेले रूप, म्हणजे यंत्र. सरकी आणि रुई वेगळी करण्याच्या यंत्राचे पेटंट एली व्हिटनीने 1794 मध्ये अमेरिकेत घेतले. ‘प्रेसिंग’ म्हणजे दाबून गठाण बांधणे. भारतात प्रमाण गठाण 170 किलोची धरतात.

*‘हॉलमार्क’मधला हॉल कोणता? (जळगाव)* — लंडनच्या सोनारांच्या संघाचा हॉल. तिथे तपासून छाप मारत, म्हणून हॉलमार्क. 22 कॅरेट म्हणजे 24 भागांत 22 भाग सोने, हजारात 916. म्हणून दागिन्यावर 916. सोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक पाहा. ‘केडीएम’ हा शुद्धतेचा छाप नाही, सोन्याच्या जोडकामात वापरल्या जाणाऱ्या कॅडमियमवरून ते नाव पडले.

*फॉर्ममध्ये ‘लास्ट नेम’ म्हणजे शेवटचे नाव की आडनाव? (पाचोरा)* — आडनाव. आपल्याकडे हजेरीत आडनाव आधी लिहितात, म्हणून घोळ होतो. पासपोर्टच्या अर्जात ‘सरनेम’ म्हणजे आडनाव आणि ‘गिव्हन नेम’ म्हणजे उरलेले नाव. आधार आणि दाखल्यावरचे स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा.

*बिस्किटावर ‘बेस्ट बिफोर’ आणि औषधावर ‘एक्स्पायरी’, फरक काय? (चाळीसगाव)* — बेस्ट बिफोरनंतर चव आणि कुरकुरीतपणा उतरू लागतो. एक्स्पायरीनंतर वस्तू वापरायचीच नाही.

*ट्रॅक्टरचे कर्ज फिटले तरी आरसीवर ‘हायपोथिकेशन’ दिसते. (शिंदखेडा)* — वाहन तारण आहे अशी ती नोंद. हप्ते संपले म्हणून आपोआप जात नाही. बँकेकडून ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 घेऊन आरटीओत नोंद कमी करून घ्या, नाहीतर विकताना अडाल.

पुढच्या वेळी पत्र पाठवताना नुसता शब्द लिहू नका. तो ज्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य आणि कागद कशाचा आहे हे लिहा, कारण अर्थ वाक्यात ठरतो. खाते क्रमांक, आधार क्रमांक आणि आजाराच्या कागदावरचे नाव झाकून पाठवा. आणि सहीची मुदत जवळ आली असेल तर आमच्या उत्तराची वाट न पाहता कागद देणाऱ्यालाच विचारा, “या शब्दाचा इथे अर्थ काय?” हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि उत्तर समजेपर्यंत सही न करण्याचाही.